सिग्नल फुल, रविवार गुल

लग्नात आहेर म्हणून आलेले स्टीलचे डबे जसे न मागता साठतात, तसे आमच्या धंद्यात किस्से साठतात. टाकून देववत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. मग माणूस ते येईल त्याच्या हातात देत सुटतो. आता तुम्ही आलाच आहात, तर धरा.

धंदा म्हणजे घरोघर वायफाय देण्याचा. बोईसरला एक गाळा, एक पंखा आणि तीन माणसं. मी जळगावकडचा. इथल्या कारखान्यात मशीनवर होतो, कारखाना बंद पडला, तेव्हापासून वायरी ओढतो. सगळे मला नाना म्हणतात. दुसरा दामू तांडेल, नवापूरचा. वाडवडलांनी समुद्रात जाळी टाकली, हा खांबावरून फायबर टाकतो, आणि दोन्हीकडं गुंता सारखाच असतो असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या सुरेखा वहिनी, सोलापूरच्या. तक्रारीचा फोन त्या घेतात. त्यांचा आवाज असा की निम्मे राउटर नुसत्या धाकानं चालू होतात.

आमचा प्रत्येक किस्सा एकाच वाक्यानं सुरू होतो. "सिग्नल फुल आहे, तरी नेट नाही." गिऱ्हाईक हे वाक्य असं म्हणतं, जसं काही आम्हाला चोरीच्या मालासकट पकडलं.

मी प्रत्येकाला समजावतो. बाबा रे, पंगतीत तुझ्यापुढं पान मांडलंय, पाणी वाढलंय, म्हणजे भात आला असं नाही. फोनवरच्या त्या रेघा फक्त पान मांडल्याचं सांगतात. भात येतो बाहेरच्या वायरीतून, आणि वाढपी कुठं अडकलाय ते आम्ही शोधायचं. लोक मान हलवतात आणि पुन्हा म्हणतात, "पण सिग्नल तर फुल आहे ना?"

*

हे सगळे किस्से एकाच महिन्यातले आहेत, आणि त्या महिन्याचं नाव घोरपडे साहेब.

घोरपडे साहेब म्हणजे सरावलीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सगळी नोकरी पॉवर प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये झालेली. रिटायर होऊनही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यातल्या मीटरची पाहणी करतात. ते 'तक्रार' म्हणत नाहीत, 'फॉल्ट' म्हणतात. 'नेट गेलं' म्हणत नाहीत, 'सप्लाय खंडित झाला' म्हणतात.

त्यांचा फॉल्ट असा. मुलगी रसिका, इथल्याच एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट. तिला नाशिकचं एक स्थळ आलेलं. दर रविवारी सकाळी तिकडच्यांचा व्हिडिओ कॉल. मुलगा थोडं बोलतो, मुलाची आई जास्त बोलते, आणि गप्पा रंगात आल्या की चित्र जागच्या जागी गोठतं. फोनवर सिग्नल फुल. आठवडाभर नेट घोड्यासारखं पळतं, फक्त रविवारी त्या कॉललाच पाय मोडून बसतं.

"तिकडचे लोक समजतात आम्हीच फोन कापतो," साहेब म्हणाले. "माझ्या मुलीचं स्थळ तुमच्या वायरीला लटकलंय. महिनाअखेरीला सोसायटीची मीटिंग आहे. दुसऱ्या कंपनीचा माणूस गेटवर येऊन गेलाय. तोवर फॉल्ट गेला नाही, तर सगळ्या बिल्डिंगवरून तुमच्या वायरी उतरतील."

ती बिल्डिंग गेली की सरावलीची अख्खी लाइन गेली, आणि ती लाइन गेली की आमच्या गाळ्याचं शटर खाली. दामूला पुन्हा बोटीवर जावं लागणार आणि बोटीवर त्याला उलट्या होतात. हे तांडेलांच्या घरात कुणाला माहीत नाही, तुम्हीही बोलू नका.

मी छातीठोक सांगितलं, "साहेब, पुढच्या रविवारी अडकलं तर नाव बदलीन."

*

त्याच आठवड्यात दामूच्या आत्याची तक्रार आली. हिराआत्या, नवापूरची. दोन मुलगे बोटीवर, सुकं म्हावरं विकायचं काम आत्याकडं. नेट तिला नातवंडांसाठी आणि वसईच्या गिऱ्हाइकांना सुकटीचे फोटो पाठवायला लागतं.

सकाळी नेट नाही, सिग्नल फुल. दुपारनंतर जरा जरा येतं. संध्याकाळी झकास. दामू काम आटोपून संध्याकाळी जायचा, तर सगळं चालू. आत्या म्हणायची, "तू आलास का चालतं बघ. तुजा पायगुन चांगला हाय." दामूही फुगून परत यायचा. दोनदा तर जेवूनच आला.

शेवटी मी सकाळचा गेलो. खांबापासून आत्याच्या घरापर्यंत आमची वायर जाते. ती मला आधी दिसलीच नाही. दिसले ते बोंबील. जबड्यात जबडा अडकवलेले, जोडीजोडीनं, खांबापासून दारापर्यंत तोरण लावल्यासारखे. ओले, जड, पाणी ठिबकणारे. मधोमध वायरीला असा झोळ आलेला की खालून मांजर उडी मारून नाश्ता करत होतं.

फायबरमध्ये आत काच असते. ती फार वाकली की उजेड पुढं सरकत नाही. सकाळी बोंबील ओले, वायर खाली, नेट बंद. उन्हानं बोंबील सुकले, हलके झाले, वायर वर आली, नेट चालू. अंगणातल्या बोंबलावर इंटरनेट चालणारं हे जगातलं एकमेव घर. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

मी आत्याला म्हटलं, अहो बोंबील वाळवायला वळंडीच्या दोऱ्या आहेत ना एवढ्या, इथं कशाला?

"दोरी सडते, नाना. तुमची वायर सडत नाय, गंजत पन नाय. जाम चांगली वायर देता तुमी."

मी तिला काच, उजेड, झोळ, सगळं नीट समजावलं. आत्यानं मन लावून ऐकलं. मग बोंबलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि तोडगा काढला.

"आसं कर. बोंबील ऱ्हावदे हितंच. तू नेट सांजचं देत जा."

तिथून मी थेट सरावलीला. मला वाटलं सापडलं. रविवारी सुट्टी, म्हणजे कपडे जास्त, म्हणजे कुणीतरी वायरीवर चादरी वाळत घालत असणार. घोरपडे साहेबांनी मला गच्चीवर नेलं. वायर पट्टीनं आखल्यासारखी सरळ, वीतभर अंतरावर क्लिपा. साहेब म्हणाले, "या वायरीवर कावळा बसला तरी मी खाली करतो."

त्या रविवारी कॉल पुन्हा अडकला. मी नाव बदललं नाही. वहिनींनी तेवढं दिवसभर मला "अहो नवीन नाव" अशी हाक मारली.

*

वहिनींचाच एक सांगतो, लहान आहे.

नेट अडकलं की पहिलं औषध राउटर बंद करून चालू करणं. पण हे सांगितलं की लोकांचा अपमान होतो. "ते आम्ही कधीच केलंय," म्हणतात, आणि केलेलं नसतं. सोफ्यावरून उठलेलेही नसतात. मग वहिनींनी युक्ती काढली. त्या म्हणायच्या, "प्लग काढा, त्याच्या पितळी दांड्यांवर हळूच फुंकर मारा, आणि परत लावा. धूळ असते हो." फुंकर मारायला प्लग काढावाच लागतो. निम्म्या तक्रारी त्या फुंकरीवर मिटल्या.

घोरपडे साहेबांनाही त्यांनी तेच सांगितलं. पलीकडं प्लग काढल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, "फुंकर किती प्रेशरची?"

*

पवार नावाचे एक मेंटेनन्स फिटर आहेत, साताऱ्याकडचे, बोईसरलाच राहतात. माणूस सोन्यासारखा. कारखान्यातली कुठलीही मशीन कुरकुरली की पवारांना बोलावतात. दसऱ्याला घरातला राउटर पुसून, त्याला झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून पूजा केली. इथपर्यंत ठीक. आमच्याकडं अर्ध्या गावात राउटर दसऱ्याला नटतात.

दुसऱ्या दिवशी नेट गेलं. राउटरवर दिवे चालू, फोनवर सिग्नल फुल, नेट ठणठण गोपाळ. दामू गेला, वायर काढून बघतो तर टोक बुळबुळीत. वायर जिथं आत जाते ते भोकही बुळबुळीत. त्यानं बोट लावून वास घेतला आणि मला फोन केला. "नाना, राउटरला ग्रीस लावलंय."

मी स्वतः गेलो. पवारांना म्हटलं, अहो, त्या टोकातून उजेड येतो, तिथं बोटाचा डाग चालत नाही, आणि तुम्ही ग्रीस भरलंत?

पवार जरा दुखावले. सगळी हयात त्यांनी मशीनला सुकं ठेवलेलं नव्हतं. म्हणाले, खाऱ्या हवेनं सगळं गंजतं इथं, शेजाऱ्यांचा कूलर गंजला, म्हटलं आपण आधीच काळजी घ्यावी. आणि मग, माझी समजूत पटावी म्हणून, आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, "आणि नाना, साधं नाही लावलं. हाय टेम्परेचरचं लावलंय."

*

मनोरला हायवेवर एक धाबा आहे. मालक गोपीशेठ, पोट आणि बुद्धी दोन्ही मोठी. त्यांनी आमच्याकडनं कनेक्शन घेतलं आणि वर स्वतःच बाजारातून एक एक्स्टेंडर आणला. एक्स्टेंडर म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढं फेकणारा डबा. तो राउटर आणि गिऱ्हाइकं बसतात त्या बाजांच्या मध्यावर लावायचा असतो. शेठनी तो पार पुढं, ट्रक थांबतात तिथल्या बोर्डाखाली लावला. तिथवर राउटरचा आवाजच पोचत नाही. म्हणजे डबा रिकाम्या हातानं उभा राहून जोरजोरात ओरडतोय, या, या, या! ड्रायव्हरच्या फोनवर सिग्नल फुल, आणि नेटचा पत्ता नाही.

ड्रायव्हर लोक शिव्या घालत होते, म्हणून मी आपणहून गेलो. शेठना म्हटलं, हा डबा फक्त वीसेक पावलं आत घ्या, नेट पळायला लागेल.

शेठनी मला बाजूला घेतलं, लस्सी मागवली. म्हणाले, "नाना, हात नको लावू. सिग्नल बघून ट्रक थांबतो. नेट येईपर्यंत त्याचं जेवण होतं."

मी विचारलं, आणि जेवून झाल्यावर?

"जेवून झाल्यावर त्याला बायकोला फोन लावायचा नसतो, झोपायचं असतं."

पण मला तिथं प्रकाश पडला. दोन डबे! जवळचा डबा फोनला ओढतो, आणि जवळच्या डब्यात काहीच नसतं. मी मनोरहूनच घोरपडे साहेबांना फोन लावला. साहेब, तुमच्या घरात एक्स्टेंडर आहे?

"एक्स्टेंडर नाही," साहेब म्हणाले. ठाम.

माणूस खोटं बोलणारा नव्हता. मी ती शंका सोडली आणि लस्सी संपवली. त्या रविवारी कॉल अडकला तो मुलाच्या आईचं तोंड उघडं असताना. साहेब म्हणाले, बराच वेळ त्या तशाच आ वासून आमच्याकडं बघत होत्या, आणि आम्हीही उठून जाऊ शकत नव्हतो.

*

बोईसरला कामगारांच्या खोल्या आहेत, तिथं एका खोलीत बिहारकडची पोरं राहतात. सगळी एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. पाळी सुटून आली की नेट मुंगीच्या पावलानं. त्यांची खात्री की शेजारची खोली नेट चोरते. रोज पासवर्ड बदलायचे. एके दिवशी इतका अवघड ठेवला की त्यांनाच आठवेना आणि शेजारच्या खोलीतल्याला विचारावा लागला. त्याला माहीत होता.

मी जाऊन बघितलं. शेजारी निर्दोष, पासवर्ड माहीत असला तरी त्याचा फोनच बिघडलेला. मग खोलीतला एकेक फोन तपासला. सुरेश नावाच्या पोराच्या फोनमध्ये भावाच्या लग्नाचा व्हिडिओ होता, आणि तो आपोआप वर चढत होता. म्हणजे फोन स्वतःच त्याची प्रत इंटरनेटवर साठवायला पाठवत होता. सुरेश घरी आला की चढायला सुरुवात, सगळ्या खोलीचं नेट त्यात अडकलेलं. सुरेश पाळीला गेला की चढणं अर्धवट, परत आला की पुन्हा पहिल्यापासून. भावाचं लग्न होऊन नवरी माहेरी जाऊन परत आली, तरी व्हिडिओ चढतच होता.

मी म्हटलं, काढून टाक. कुणालाच ते पटलं नाही. सगळ्यात मोठा होता तो म्हणाला, "शादी है चाचा. डिलीट कैसे करेंगे?"

मग त्यांनीच ठरवलं. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी आपापले फोन बंद केले आणि सुरेशचा एकट्याचा चालू ठेवला. सगळे त्या फोनभोवती बसले, मध्ये भात झाला, पत्ते झाले. मलाही बसवून ठेवलं. संध्याकाळकडं व्हिडिओ पूर्ण चढला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी लाडू आणले, मला पहिला दिला.

सुरेश हात जोडून म्हणाला, "चाचा, ये हल्दी का था. शादी का बाकी है."

हा किस्सा मी घोरपडे साहेबांना ऐकवला आणि विचारलं, रविवारी कुणाचा फोन काही वर चढवत नसेल ना? पुढच्या रविवारी साहेबांनी कॉलचा फोन सोडून घरातले बाकीचे सगळे फोन बंद करून ताटात गोळा केले. कॉल अडकला. तिकडून आता निरोप आला होता की तुमच्याकडून रस नसेल तर तसं सांगा. मीटिंग आठवड्यावर. आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसानं आमच्याच खांबाला टेकून चहा प्यायलेला दामूनं डोळ्यांनी पाहिलेला.

वहिनी त्या दिवशी मला एकही टोमणा मारेनात. तेव्हा मी जरा घाबरलो.

*

शेवटच्या रविवारी मी कॉलच्या वेळी स्वतःच साहेबांच्या घरी जाऊन बसलो. मुलाच्या आईला दिसणार नाही असा, दाराच्या बाजूला. दामू खाली खांबापाशी, वायरीवर डोळा ठेवून.

हॉलमध्ये टेबलावर फोन उभा केलेला. समोर सोफ्यावर साहेब आणि रसिका. राउटर आतल्या खोलीत. सोफ्याला लागून काचेचं शोकेस, त्यात साहेबांना निरोप समारंभात मिळालेली प्लांटची छोटी प्रतिकृती, शंख, बाहुल्या, वगैरे. शोकेसच्या बाजूला काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, हातात फडकं घेऊन उभ्या. कॅमेऱ्यात यायला लाज वाटते म्हणाल्या.

कॉल लागला. चित्र काचेसारखं स्वच्छ. मुलगा हवामानाबद्दल बोलला, साहेब हवामानाबद्दल बोलले. मग मुलाच्या आईनं सूत्रं हातात घेतली. घर, देवधर्म, स्वयंपाक. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी बोलणं अर्धंच राहिलं. आमच्याकडं सुनेनं नोकरी करायची पद्धत नाही. रसिका, मग नोकरीचं तुझं ठरलं ना?"

रसिकानं वडिलांकडं पाहिलं. तोंड उघडलं. आणि चित्र थोड्याच वेळात थिजलं.

मी झडप घालून फोन उचलला. सिग्नल फुल, इतका फुल की आतल्या राउटरचा इथवर इतका येऊच शकत नाही. नाव आमच्याच राउटरचं. पण नेट शून्य. मनोरचा धाबा डोळ्यांपुढं उभा राहिला. मी शोकेसचं खालचं दार उघडलं. चादरींच्या घडीमागं एक राउटर हिरवा डोळा मिचकावत बसलेला. त्याला बाहेरची कुठलीच वायर नाही. नाव तेच, पासवर्ड तोच.

मी म्हटलं, साहेब, तुम्ही तर नाही म्हणालात!

"तुम्ही एक्स्टेंडर विचारलात," साहेब म्हणाले. "हा स्टँडबाय आहे."

प्लांटमध्ये प्रत्येक पंपाला एक स्टँडबाय पंप असतो. एक बसला तर दुसरा तयार. साहेबांनी राउटरलाही तसाच जोडीदार आणून, सगळी सेटिंगं सारखी करून ठेवलेला. मी त्यांना सांगितलं, हा चालू झाला की फोन जवळचा म्हणून याच्याकडं उडी मारतो, आणि याच्याकडं द्यायला काहीच नाही.

"पण तो बंद असतो," साहेब म्हणाले. "शोकेसच्या बाजूला भिंतीवर त्याचं बटन आहे, त्यावर मी टॅग लावलाय."

खरंच लावला होता. लाल पुठ्ठा, 'हात लावू नये', खाली साहेबांची सही. प्लांटमध्ये असा टॅग लागला की ज्यानं लावला त्याच्याशिवाय त्या बटनाला कुणी हात लावत नाही, रोज बटनं दाबणारा ऑपरेटरही नाही, मोठा साहेब आला तरी नाही. टॅग जागेवर होता. बटन चालू होतं.

घोरपडे साहेबांचा चेहरा पांढरा पडला. सगळ्या नोकरीत त्यांच्या टॅगला कुणी हात लावलेला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथं चौकशी सुरू केली, अगदी प्लांटसारखी, बसून, शांत आवाजात. या खोलीत कोण कोण होतं. कुणी काय पाहिलं.

काकूंनी फडक्याची घडी घातली.

"मी दाबलं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा पुसताना चुकून दाबलं गेलं, तेव्हा तुमचा फोन अडकलेला बघितला. नंतर मुद्दाम. दर रविवारी. कॉल संपला की बंद."

साहेबांनी विचारलं, "कारण?"

"त्या बाई दर वेळी नोकरीवर येतात. आणि ही दर वेळी हो म्हणायला तोंड उघडते."

मला उठून जावंसं वाटलं, पण दार काकूंच्या पलीकडं होतं.

साहेब रसिकाकडं वळले. "सोडणार होतीस नोकरी?"

"तुम्हाला स्थळ आवडलं होतं, बाबा," रसिका म्हणाली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला, नाशिकहून, या वेळी साधा कॉल. साहेबांनी तो उचलला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही. काकूंनी मला पोहे दिले, वर खोबरं जरा जास्तच घातलं.

संध्याकाळी मीटिंग. सोसायटीच्या आवारात खुर्च्या, दुसऱ्या कंपनीचा माणूस टाय लावून पहिल्या रांगेत. मी, दामू आणि वहिनी मागं भिंतीला टेकून उभे. वहिनींनी पदर खोचून घेतलेला, भांडण झालंच तर म्हणून.

घोरपडे साहेब उठले. शर्ट इस्त्रीचा, आवाज कंट्रोल रूमचा. म्हणाले, "नेटचा विषय बंद करावा. लाइन उत्तम आहे. फॉल्ट सापडला, तो माझ्या घरातला होता."

टायवाला उठून उभा राहिला. त्यानं नम्रपणे विचारलं, "सर, म्हणजे ऑपरेटरची चूक?"

साहेबांनी बायकांच्या रांगेत बसलेल्या काकूंकडं एकदा पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ऑपरेटर बरोबर होता."

आणि खाली बसले.